चौघींचं वजन आणि शून्याची ओळ

शीला,

तू गेल्यापासून लोक तुझ्याबद्दल फार चांगलं बोलायला लागलेत आणि मला त्याचा राग येतो. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात विहाराच्या हॉलमध्ये एकेक जण माईकपाशी येत होता आणि तुला शांत, संयमी, मितभाषी ठरवून जात होता. मितभाषी! तू! अगं, तू स्टाफरूममध्ये बोलायला लागलीस की शेजारच्या वर्गातली मुलं त्यांच्या सरांऐवजी तुझं ऐकत बसायची. मी दुसऱ्या रांगेत होते, शेजारी आपली फिजिक्सची कल्पना. ‘मितभाषी’ ऐकल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघींना हसू फुटलं, आणि ते पदराने दाबता दाबता जे रडू आलं ते मात्र दाबता आलं नाही. नंतर माझंही नाव पुकारलं. मी उठले नाही. आपलं भांडण अर्धवट पडलेलं असताना तुझी स्तुती करायला मी काय वेडी आहे? तेव्हा जे माईकवर बोलले नाही ते इथे लिहिते, आणि भांडणापासूनच सुरुवात करते.

सेलूच्या एकाच कॉलेजात आपण दोघी गणित शिकवत आलो. तू इथलीच. मी तळेगावची, लग्न होऊन इथे आलेली. पहिल्याच दिवशी तू विचारलंस, “तळेगाव कोणतं वो? श्यामजी पंतांचं?” मी हो म्हटलं, तर म्हणालीस, “मंग जमन आपलं.” का जमेल ते कधी सांगितलं नाहीस. आणि जमलं तर अजिबात नाही, निदान गणितात. तीन समीकरणं आणि तीन अज्ञात समोर आले की आपली तोंडं दोन दिशांना. माझी निश्चयकाची पद्धत. समीकरणांतले सगळे सहगुणक चौकटीत मांडायचे, गुणाकार-वजाबाक्या करून त्या चौकटीचा एक आकडा काढायचा, तो निश्चयक. एका निश्चयकाला दुसऱ्याने भागलं की उत्तर हातात. आखूड, स्वच्छ, परीक्षेला सोयीची.

तुझी पद्धत ओळींची. अक्षरं बाजूला ठेवायची, नुसते आकडे ओळीखाली ओळ मांडायचे, की झाली मॅट्रिक्स. मग तीनच गोष्टींना परवानगी: दोन ओळींची अदलाबदल करा, एखादी ओळ शून्य सोडून कशानेही गुणा, नाहीतर एका ओळीची काही पट दुसरीत मिळवा किंवा दुसरीतून वजा करा. असं करत डावीकडून खाली खाली शून्यं आणत जायचं, शेवटच्या ओळीत एकच अज्ञात उरेपर्यंत. तो सापडला की पायऱ्या चढल्यासारखं खालून वर यायचं. मी म्हणायची, किती ते लांबण! तू म्हणायचीस, “लांब असू दे. पण कुठं चुकलं ते पायता येते नं. तुया निश्चयकात चुकलं तं एकदम खड्ड्यात.” प्रत्येक ओळीशेजारी काय केलं ते लिहायचं, आणि काहीही खोडायचं नाही, हे तुझे दोन नियम. ओळीवर केलेली कुठलीही गोष्ट उलटी करता येते, जे मिळवलं ते परत वजा करता येतं, म्हणून माग ठेवला तर माणूस घरी परत येतो, असं तू पोरींना सांगायचीस. आणि उत्तर सापडल्यावर ते सगळ्या समीकरणांत घालून पाहायचं, जुळलं तरच त्याच्याखाली दोन रेघा मारायच्या. एक नाही, दोन. एक रेघ म्हणजे नुसतं वाटतं, दोन म्हणजे नक्की.

“मंगला,” तू मला भर स्टाफरूममध्ये चिडवायचीस, “तुया निश्चयकात निश्चयच नाई वो. शून्य आला की हात वर करून मोकळा.”

हे तुझं आवडतं वाक्य होतं. दर वर्षी तो धडा आला की ऐकवायचीस आणि दर वर्षी नव्याने सुचल्यासारखी हसायचीस. मी दर वर्षी तितक्याच मनापासून चिडायची. आता तो धडा परत येईल, आणि मला चिडवणारं कोणी नसेल. असो.

तुझ्या रविवारच्या वर्गाची सुरुवात एका उत्तरपत्रिकेने झाली, ते तुला मिळालेल्या श्रद्धांजल्यांत कोणीच सांगितलं नाही, कारण कोणाला माहीतच नाही. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली प्रणाली अकरावीला सायन्सला आली. तिथे पुस्तक इंग्रजी, शब्द इंग्रजी, आकडेही इंग्रजी. तिची उत्तरपत्रिका तपासायला माझ्याकडे आली. तुझ्या पद्धतीनेच सोडवलेलं गणित, पानभर ओळी, आणि शेवटी असले अक्राळविक्राळ अपूर्णांक की बघवेना. मी काट मारली. उत्तर चूक ते चूक, आजही मी काटच मारीन. तू माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलंस, पेपर ओढून घेतलास आणि बोटाने एकेक ओळ मागे मागे जात राहिलीस. मग हसलीस.

“मंगला, हिची एकही वजाबाकी चुकली नाई. हिचं फक्त ‘एक’ चुकलं.”

पहिल्या ओळीतला पहिला आकडा तिने घाईत मराठीत लिहिला होता, १. पुढची ओळ मांडताना तोच तिने इंग्रजी 9 म्हणून वाचला. दहा वर्षांची सवय हाताला, आणि डोळ्याला नवी लिपी. एकाचे नऊ झाले, आणि त्या नवाने पुढची प्रत्येक ओळ नासवली. मुंबईच्या मुलाने ही चूक केली नसती, नागपूरच्या कॉन्व्हेंटातल्या मुलाने केली नसती. ही आपल्याच पोरींची चूक. सेलूच्या आसपासच्या गावांतून एसटीने येणाऱ्या, घरी मराठी, शाळेत मराठी, आणि अकरावीला एकदम उंबरठ्यावर ठेचकाळणाऱ्या.

पुढच्याच रविवारी तू विहाराचा हॉल मागून घेतलास. तिथे गणित मराठीत समजावायचं आणि इंग्रजीत लिहायचं. एका मांडणीत एकच लिपी, हा नियम फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहिलेला. सगळ्या जातींच्या, सगळ्या गावांच्या पोरी चटईवर बसायच्या. कल्पना वर्ध्याहून फिजिक्स घ्यायला यायला लागली. मला तू कधी बोलावलं नाहीस. मीही कधी विचारलं नाही. रविवार माझा, गुडघे माझे, आणि त्या ओळींचं लांबण माझ्याच्याने झालं नसतं. पण खरं सांगू? तू बोलवावंस असं मला वाटायचं.

आता वजनाची गोष्ट. ही मी पुण्यानुमोदनात सांगितली असती तर भन्तेजींनाही हसू आलं असतं.

आपल्या कॉलेजाला जोडून असलेल्या शाळेच्या पोषण आहाराचा तांदूळ मोजायचा सपाट काटा एकदा दुरुस्त होऊन आला आणि स्टाफरूमच्या दारात ठेवला गेला. तू तो पाहिलास आणि तुझे डोळे चमकले, तेव्हाच मला कळायला हवं होतं. “चला, वजन करू,” तू म्हणालीस. कोणी तयार होईना. मी तर स्पष्ट नाही म्हटलं. पोषण आहार शिजवणाऱ्या सिंधूताई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग तू शहाजोगपणे तोडगा काढलास: “एकटीनं नोका राहू. जोडीनं उभ्या राहा. मंग कोणाचं किती, कोणाले कळते?”

आम्ही फसलो. तू आणि कल्पना, एकशे वीस. कल्पना आणि मी, एकशे तीस. मी आणि सिंधूताई, एकशे बावीस. सिंधूताई आणि तू, एकशे बारा. फेरी पूर्ण. तू लगेच खडू घेतलास आणि फळ्यावर चार ओळी मांडल्यास. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की ही बाई आमची चौघींची वजनं काढायला निघाली आहे. चार अज्ञात, चार समीकरणं, काय अवघड?

मी हात चोळत बसले. तू चौथ्या ओळीतून पहिली वजा केलीस. त्यात दुसरी मिळवलीस. तिसरी वजा केलीस. आणि शीला, तुझा चेहरा! चौथी ओळ सगळी शून्य. शून्य, शून्य, शून्य, शून्य, बरोबर शून्य. चौथं समीकरण पहिल्या तिन्हींनी आधीच सांगितलेलंच परत सांगत होतं. फेर धरून उभ्या राहिलेल्या चौघी एकमेकींच्या आडोशाला राहिल्या, एकीचंही वजन बाहेर पडलं नाही.

“वा!” मी टाळ्या वाजवल्या. “तुझ्या ओळींनी माझी अब्रू राखली गं बाई.”

“तुया निश्चयक काढ नं मंग.”

मी काढला. तोही शून्य. शून्याने भागता येत नाही, विषय संपला, मी खडू ठेवला. “प्रश्नच चुकीचा आहे,” मी म्हटलं. “असा प्रश्न परीक्षेत आला तर मी रद्द करीन.”

“प्रश्न चुकला नाई,” तू म्हणालीस. “उत्तरं अनंत हायेत. एकीनं आपलं सांगितलं की बाकीच्या तिघींचं आपोआप निघते. एकीनं फक्त आधी बोलाव लागते.”

“मी नाही बोलणार.”

“नको बोलू.”

इथे तू गप्प बसलीस आणि मी गाफील राहिले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तू मला हाक मारलीस, “मंगला, इकडं ये बरं जरा, हा काटा बिघडला का काय, पाय तं.” मी भाबडेपणाने गेले, वाकून काट्याकडे पाहायला त्यावर पाय ठेवला, आणि तू शेजारी उडी मारलीस. एकशे सव्वीस! तू आणि मी ही जोडी आदल्या दिवशी झालीच नव्हती. आता तुझ्याकडे तिघींच्या तीन जोड्या होत्या: तू-कल्पना, कल्पना-मी, मी-तू. तुला फळाही लागला नाही. हाताच्या तळव्यावर पेनाने दोन ओळी केल्यास आणि खिदळत स्टाफरूममध्ये धावत गेलीस. मी मागून ओरडत होते, “शीले, तोंड उघडलंस तर बघ!” तू तोंड उघडलं नाहीस हे मात्र खरं. माझा आकडा तू कोणालाच सांगितला नाहीस. फक्त मधूनच, समारंभात, मीटिंगमध्ये, लांबून माझ्याकडे पाहून तळहात दाखवायचीस.

त्या चौघींच्या गणितावरून आपण पुढे कितीदा भांडलो! मी म्हणायची, ज्याला एक उत्तर नाही ते गणित पोरींना देऊ नये, त्यांचा धीर सुटतो. तू म्हणायचीस, हेच द्यावं, शून्याची ओळ आली की रडत बसायचं नसतं हे त्यांना कळावं. “शून्याची ओळ म्हणजे मोकळीक हाय मंगला. तुले निवडाव लागते, एवढंच.” मी म्हणायची, गणितात निवडायचं नसतं, शोधायचं असतं. हे भांडण मिटलंच नाही.

मग तू आजारी पडलीस. त्याबद्दल मी लिहिणार नाही. सावंगीच्या दवाखान्यात मी रोज येत होते तेव्हा आपण आजारावर कुठे बोलायचो? एक दिवस नर्स वजन करायला काटा घेऊन आली. औषधाचं प्रमाण ठरवायला लागतं म्हणे. तिने आकडा लिहून घेतला आणि ती गेली. तू उशीवर मान टेकलीस, माझ्याकडे पाहिलंस आणि जुना खट्याळपणा करायला तोंड उघडलंस. “सांगू का वो?”

“नको सांगू.”

“अवं पण ऐक तं…”

“शीला, नको म्हटलं ना!” मी इतक्या जोरात म्हटलं की पलीकडच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली.

तू सांगितलं नाहीस. थोड्या वेळाने डोळे मिटूनच म्हणालीस, “आज रविवार नं? पोरी येऊन बसल्या असतीन.” मी म्हटलं, तू आधी बरी हो. तू म्हणालीस, “त्या चौघींच्या गणिताचं काय मंग?” मी म्हटलं, त्याला उत्तर नाही. “विचार कर,” तू म्हणालीस. मला राग आला होता. अशा वेळी कोण गणित काढतं? आता वाटतं, तू माझ्याकडे काहीतरी मागत होतीस. पण सरळ मागणं तुझ्या स्वभावात नव्हतं. दुसऱ्याकडून वदवून घ्यायचं नाही, त्याने आपणहून बोलावं, ही तुझी खोड शेवटपर्यंत राहिली. तू सरळ म्हटलं असतंस तर मी हो म्हटलं असतं का? माहीत नाही. ते तू विचारायला हवं होतंस, शीला. हे मी तुला माफ करणार नाही.

पुण्यानुमोदन संपलं, जेवणं झाली, खुर्च्या घडी करून भिंतीला लागल्या, तरी आम्ही चौघं हॉलमध्ये उभे होतो. हॉलची व्यवस्था बघणारे नामदेवकाका, तुझ्या वर्गाला येणाऱ्या समीक्षाची आई वनिताताई, कल्पना आणि मी. कोणीतरी विषय काढायला हवा होता. वनिताताईंनी काढला.

“मॅडम, आता वर्गाचं कसं करता? परीक्षा तं तोंडावर आली.”

नामदेवकाका म्हणाले, “हॉलचं काई नाई. पण कमिटीवाले विचारतीन, पोरी येऊन राह्यल्या का? बाकीचे लोकही हॉल मागतेत. पोरी येतीन म्हणा, मी हॉल बंद होऊ देत नाई.”

“पोरी काऊन नाई येणार?” वनिताताई म्हणाल्या. “पण शिकवाले कोणी असन तं. रिकाम्या हॉलात बसाले कोण पाठवते? कल्पना मॅडम येत असतीन तं आमच्या पोरी येतीन.”

कल्पनाने माझ्याकडे पाहिलं. “मी एकटी कशी येऊ? गणिताशिवाय माझ्या फिजिक्सचं काय होणार? मंगला मॅडम असतील तर मी येते.”

आता तिघंही माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, “हॉलचं पक्कं झालं की बघू.”

काकांनी पुन्हा सांगितलं, पोरींचं पक्कं झालं की हॉलचं पक्कं. वनिताताईंनी पुन्हा कल्पनाकडे पाहिलं, कल्पनाने पुन्हा माझ्याकडे. दुसरी फेरी झाली. सगळे चांगले लोक, सगळ्यांच्या मनात तू, आणि कोणीही खोटं बोलत नव्हतं. पण चौघंही फेर धरून एकमेकांच्या आडोशाला उभे होतो. तिसरी फेरी सुरू झाली तेव्हा मला तुझा तो फळा दिसला. शून्य, शून्य, शून्य, शून्य, बरोबर शून्य. सकाळपासून आवरून धरलेला सगळा राग एकदम वर आला. तुझ्यावरचा, माझ्यावरचा, त्या घडी घातलेल्या खुर्च्यांवरचा. हे सगळं असंच घरंगळत जाणार, महिन्याभरात या हॉलमध्ये एखादा साखरपुडा होणार, आणि कुठल्यातरी प्रणालीचं एक पुन्हा नऊ होणार, ते पाहायला मागे जायला कोणी नसणार. मला तुझ्या जागी उभं राहायचं नव्हतं, शीला. तिथे उभं राहायचं म्हणजे तू नाहीस हे कबूल करायचं. पण तू नाहीसच.

एरवी मी शुद्ध बोलते, तुला माहीत आहे. तू त्यावरूनही चिडवायचीस. पण अशा वेळी माहेरचीच भाषा तोंडात येते, जिच्यात बाईमाणूससुद्धा ‘घेते’ म्हणत नाही.

“मी घेतो वर्ग,” मी म्हटलं. “हॉल राहो का जावो. हॉल नसन तं माया अंगणात घेतो. येत्या रविवारी, सकाळी.”

मग काय, एका दमात सगळं निघालं. कल्पना म्हणाली, मी येते. वनिताताई म्हणाल्या, मंग पोरी येतीनच, मी घरोघर सांगतो. आणि नामदेवकाकांनी किल्ल्यांचा जुडगा काढून त्यातली हॉलची किल्ली माझ्या हातावर ठेवली. “एवढंच ऐकायचं होतं मॅडम,” ते म्हणाले. मी घरी जाईपर्यंत ती मुठीत धरून होते.

रविवारी मी हॉल उघडला. चटया घातल्या. पोरी आल्या, बसल्या, आणि माझ्याकडे अशा बघत होत्या की हिच्या हातून काय होतं ते पाहू. मी ठरवून आले होते की निश्चयकापासून सुरुवात करायची, माझ्या पद्धतीने. फळ्यापाशी गेले, कोपऱ्यात तुझा नियम होता, एका मांडणीत एकच लिपी, आणि माझ्या हाताने ओळीच मांडायला घेतल्या. का ते विचारू नकोस. पहिला आकडा लिहिला आणि मागून आवाज आला.

“मॅडम, तो एक हाय का नऊ?”

पाहते तर मी मराठी १ लिहिला होता. मी! पोरींमध्ये खसखस पिकली. मी डस्टर उचललं तर समीक्षा उठून उभी राहिली. “पुसू नोका नं मॅडम. शीला मॅडम पुसू देत नोहत्या. बाजूला लिहा, काय चुकलं ते.” मी बाजूला लिहिलं, काय चुकलं ते. त्यानंतर त्या माझ्याकडे जरा बऱ्या नजरेने पाहू लागल्या.

मी त्यांना आपलं चौघींचं गणित घातलं. नावं सांगितली नाहीत, नुसतं, चार बायका, जोडीजोडीने काट्यावर उभ्या राहिल्या. समीक्षाला फळ्याशी बोलावलं. तिने ओळी सुरेख केल्या, शेजारी सगळं लिहीत, चौथीतून पहिली वजा, त्यात दुसरी मिळवली, तिसरी वजा. शून्याची ओळ आली आणि तिचा खडू थांबला.

“मॅडम, उत्तर नाई येत.”

“मग प्रश्न चुकला का?”

मग मागून एक हळूच म्हणाली, “एकीनं आधी सांगाव लागन.” म्हणजे तू शिकवलं होतंस तर! मी नको नको म्हणत असताना!

शीला, इतकी वर्षं जो आकडा मी नवऱ्याला सांगितला नाही, वोटर कार्डवाल्यांनी विचारला असता तरी सांगितला नसता, तो मी त्या हॉलमध्ये, ताठ उभी राहून, मोठ्याने सांगितला. “त्यातली तिसरी बाई मी. माझं वजन अडुसष्ट. तेव्हाचं. आताचं विचारायचं नाही.”

असा हशा उसळला की कल्पना पलीकडच्या खोलीतून पाहायला आली. समीक्षा हसत हसत पुन्हा फळ्याकडे वळली. अडुसष्ट धरल्यावर सिंधूताईंचे चोपन्न निघाले. कल्पनाचे बासष्ट निघाले. कल्पना दारातून “अगं बाई!” म्हणाली. मग समीक्षा पहिल्या ओळीवर आली, एकशे वीसमधून बासष्ट वजा केले आणि लिहिलं, एक्स बरोबर अठ्ठावन्न.

सावंगीच्या खाटेवरचा तो आकडा मी ऐकला नव्हता, बरं झालं. अठ्ठावन्न किलोची, तळहातावर पेनाने गणित करून स्टाफरूमकडे धावत सुटलेली तू फळ्यावर उभी होतीस, आणि ओळी मागे मागे जात तुझ्यापर्यंतच पोचल्या होत्या. निश्चयकाची पद्धत आखूड आहे, हे मी अजूनही म्हणते. पण ती मला इथवर आणू शकली नसती. भांडण इथे मिटवते.

“मॅडम,” समीक्षाने विचारलं, “एक्स म्हंजे कोण?”

“शीला मॅडम,” मी म्हटलं.

समीक्षा थोडा वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. मग तिने घाई न करता पडताळा घेतला. अठ्ठावन्न आणि बासष्ट, एकशे वीस. चोपन्न आणि अठ्ठावन्न, एकशे बारा. सगळं जुळलं. तिने खडू नीट धरला आणि अठ्ठावन्नच्या खाली दोन रेघा मारल्या.